कोंड्याची पुरचुंडी

चिलुहुर गावात कोणालाही विचारलं असतं, तर त्यानं बेधडक सांगितलं असतं की पंखेवाल्या कोळंब्या म्हणजे हेडमास्तर होलिद यांच्या. हे धादांत खोटं होतं, आणि खोटं आहे हे घरात दोघांनाच ठाऊक होतं. एक रुकोया, म्हणजे होलिदची बायको. दुसरा खुद्द होलिद, पण तो विसरला होता. नवऱ्यांना असलं काही विसरायला फार वेळ लागत नाही.

चार वर्षांपूर्वी, रोज्यांचा महिना लागायच्या आधी, दरवर्षीसारखा गावानं ओढा अडवला होता. दगडमातीचा बांध घालून पाणी बाजूच्या पाटात वळवायचं आणि मग अख्ख्या गावानं गुडघाभर चिखलात उतरून हातांनी मासे धरायचे, अशी तिथली रीत. पुरुष मोठ्या माशांमागे धावत होते, आपटत होते, एकमेकांना शिव्या घालत होते. छप्पन्न वर्षांची रुकोया मात्र जिथं एरवी धार सगळ्यात जोरात असते तिथले दगड उलटे करून बघत होती. तिथं तिला त्या सहाजणी सापडल्या. बोटापेक्षा लांब, तांबूस, पाठीवरून एक फिकी रेघ गेलेली. नांग्या नव्हत्याच. नांग्यांच्या जागी चार-चार बारीक पंखे, मिटले की कुंचल्यासारखे, उघडले की जाळीसारखे.

"फेकून दे चेऊ," शेजारचा ओमान ओरडला होता. थोरल्या बहिणीच्या मानाच्या बाईला तिकडे चेऊ म्हणतात. "अंगात मांस नाही त्यांच्या. तळल्या तर नुसता कुरकुर आवाज येईल."

तिनं फेकल्या नाहीत. घरी नातवानं टाकून दिलेली काचेची पेटी होती, तीत पाणी भरलं, एक लाकूड ठेवलं, एक छोटा पंप लावला आणि पंपाच्या धारेत त्यांना सोडलं. सहाही जणी धारेकडे तोंड करून लाकडावर ओळीनं बसल्या आणि त्यांनी पंखे उघडले. होलिद चष्मा पुसत आला आणि म्हणाला, "अरे वा! ही पेटी बैठकीच्या खोलीत ठेवू." झालं. त्या क्षणापासून कोळंब्या त्याच्या झाल्या.

पहिल्याच महिन्यात त्या लाकडावरून खाली उतरल्या. पंख्यांची टोकं वाळूवर घासत फिरू लागल्या, भुकेलं माणूस रिकाम्या पातेल्याचं बूड खरवडतं तशा. रुकोया सहावीपर्यंत शिकलेली, पण उपाशी जीव तिला ओळखता येत होता. तिकडे घरोघरी मागच्या अंगणात तळं असतं, तांदूळ धुतलेलं पाणी, भांड्यातलं खरकटं सगळं त्यात जातं आणि त्यावर मासे पोसतात. तळ्यातल्यांना लागतं ते काचेतल्यांना का लागू नये? तिनं तांदळाचा कोंडा आपल्या जुन्या ओढणीतून तीनदा चाळला, त्याची पुरचुंडी बांधली, आणि पंपाची धार जिथं बाहेर पडते तिथं बुडवून हलकेच पिळली. धारेतून पांढुरकं धुकं निघालं. सहाजणी एकामागून एक लाकडावर चढल्या. पंखे उघडले, भरले, तोंडात पुसून परत उघडले. तेव्हापासून रोज पहाटे होलिद मशिदीत गेला की ती पुरचुंडी पिळायची आणि वर तळ्यातलं मगभर हिरवं पाणी ओतायची. तो परत येईतो पाणी निवळलेलं असायचं. होलिदला वाटायचं, आपला फिल्टर फार भारी.

दर शुक्रवारी नमाजानंतर पुरुषमंडळी चहाला यायची. निवृत्तीनंतर शाळा सुटली तरी हेडमास्तरांची छडी सुटली नव्हती. बांबूची काठी काचेवर टेकवून तो सांगायचा, "या प्राण्याला काही खायला घालावं लागत नाही. निव्वळ स्वच्छ पाण्यावर जगतो. स्वच्छता म्हणजेच याचं अन्न!"

पडद्याआडून चहाचं तबक घेऊन येणाऱ्या रुकोयाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. निव्वळ पाण्यावर तुम्ही जगून दाखवा एक आठवडा, असं तिच्या अगदी ओठांवर यायचं. पण ती तबक ठेवून परत फिरायची. तोंडाला कुलूप लावायची तिची सवय कोळंब्यांपेक्षा खूप जुनी होती.

मग जून महिन्यात बातमी आली की सतरा ऑगस्टच्या, म्हणजे तिकडच्या स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेत तालुक्याच्या गावी घरगुती मत्स्यपेट्यांची स्पर्धा आहे. होलिदच्या अंगात आलं. त्यानं शहरातून दुप्पट मोठा फिल्टर मागवला, पांढऱ्याशुभ्र कापसाचे थर आणले, आणि एका पहाटे मशिदीतून नेहमीपेक्षा लवकर परतला. सोबत ओमान आणि आणखी दोघं, नवा फिल्टर बघायला.

रुकोयाचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. पेटी दुधाळ झाली होती.

"अंबू!" होलिद असा ओरडला की बाहेर कोंबड्या पळाल्या. पोरांची आई म्हणून तो तिला अंबूच म्हणायचा, आणि पोरांचा बाप म्हणून ती त्याला अबाह. "काय घातलंस त्यात?"

"कोंडा. त्या जेवतायत."

"जेवतायत? मी इथं पाणी काचेसारखं व्हावं म्हणून जिवाचं रान करतोय आणि तू उष्टं-खरकटं ओततेस? हात बघ तुझे! घाण हात! चाळीस वर्षं सांगतोय, चूल सोडून कशात हात घालू नकोस."

"अबाह, जरा ऐकून तर—"

"सहावी शिकलेली बाई मला शिकवणार!"

ओमान खो-खो हसला. "चेऊ, मसाला लावून ठेवत होतीस की काय? निदान आलं तरी घालायचं!" उरलेले दोघंही हसले. होलिद हसला नाही, पण त्यानं त्यांना थांबवलंही नाही.

रुकोयानं पुरचुंडी घट्ट पिळली, निथळू दिली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. "बरं," ती म्हणाली. "आजपासून माझा हात लागणार नाही."

आणि लागला नाही. तो राग काही भांडी आपटण्याचा नव्हता. ती वेळेवर भात वाढत होती, खारवलेला मासा भाजत होती, ठेचा वाटत होती. ठेच्यात मिरच्या मात्र तिप्पट पडत होत्या. होलिद डोळ्यांतून पाणी काढत जेवायचा आणि कारण विचारायची त्याची छाती नव्हती.

पाणी असं स्वच्छ झालं की पेटीत पाणी आहे की नाही ते कळेना. तिसऱ्या आठवड्यात कोळंब्या लाकडावरून खाली उतरल्या आणि वाळू खरवडू लागल्या.

"बघा, कशा खेळतायत!" होलिद शुक्रवारी म्हणाला.

पडद्याआड रुकोयाच्या हातातला कप बशीवर खणखणला. खेळतायत म्हणे! तेवीस वर्षं शाळेत भुकेली पोरं बाकावर पेंगताना याला झोपाळूच दिसली असतील.

शेजारणीनं, एनोहनं, एकदा पडदा सारून पाहिलं आणि गालावर हात मारला. "अगं, मरतील ना त्या!"

"मरू देत. हेडमास्तरांच्या आहेत."

"त्याच्यावरचा राग त्यांच्यावर काढतेस होय गं?"

रुकोयानं पडदा ओढून घेतला. एनोहचं बोलणं तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. त्या सहाजणींत एक सगळ्यात मोठी होती, डाव्या बाजूचा एक पंखा अर्धा फाटलेली. तिला रुकोया मनातल्या मनात नीनी म्हणायची, म्हणजे आजी. नीनीची जागा ठरलेली, धारेच्या अगदी तोंडाशी. आता नीनी सगळ्यांसोबत तळाशी होती, फाटका पंखा वाळूवर घासत. दोनदा रुकोयाचा हात खिळ्याकडे गेला. दोन्ही वेळा तिला ते तिघांचं हसणं आठवलं आणि हात खाली आला.

एकदा तिनं जेवताना सरळ सांगितलं. "अबाह, त्या उपाशी आहेत."

"औषध आणलंय मी," होलिद म्हणाला आणि त्यानं निळ्या बाटलीतले चार थेंब पाण्यात टाकले. "शास्त्र आहे ते. तू नको डोकं चालवूस."

"नाही चालवत," रुकोया म्हणाली. तिला तेव्हा एवढंच हवं होतं की हा माणूस एकदा तोंडावर आपटावा. सगळ्यांसमोर. ओमानसमोर. त्यासाठी काय मोजावं लागेल याचा हिशेब तिनं केला नाही. रागात कोणी करतं का?

सतरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर लाल-पांढरे झेंडे लागले होते. मुलं सुपारीच्या तेलकट खांबावर चढत आणि घसरत होती. मंडपात पेट्यांची रांग, आणि त्यात होलिदची पेटी खरोखर उठून दिसत होती. परीक्षक बाई वाकून म्हणाल्या, "काय सुंदर पाणी आहे, पाक होलिद!" पुरुषाला मानानं तिकडे पाक म्हणतात. होलिदनं छडी उचलली, घसा खाकरला.

त्याच वेळी नीनी कात टाकत होती. पाठीवरचं कवच फुटलं होतं, डोकं निम्मं बाहेर आलं होतं. एरवी ती एका झटक्यात मोकळी व्हायची आणि दोन दिवस लाकडामागे लपून बसायची. आज तिनं एकदा अंग झटकलं, दुसऱ्यांदा हळूच झटकलं, आणि मग ती आडवी झाली. निम्मी जुन्या कातीत, निम्मी बाहेर. पाणी इतकं स्वच्छ होतं की मागच्या रांगेतल्यांनाही सगळं दिसलं.

होलिदचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यानं गर्दीत बायकोला शोधलं आणि छडी तिच्यावर रोखली.

"काय टाकलंस तू यात? खरं सांग, काय टाकलंस?"

रुकोया पुढे आली. माणसं आपसूक बाजूला झाली.

"काही नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मंडपाच्या टोकापर्यंत गेला. "सात आठवडे काही टाकलं नाही. म्हणूनच मेली ती. चार वर्षं रोज पहाटे टाकत होते म्हणून जगली, आणि सात आठवडे टाकलं नाही म्हणून मेली. पाण्यावर कोण जगतं, हेडमास्तर? तुम्ही जगता?"

ओमाननं तोंड उघडलं. रुकोयानं त्याच्याकडे फक्त पाहिलं. त्यानं ते मिटलं.

तिनं शेजारच्या खाऊवाल्या बाईचं पातेलं मागून घेतलं, बाह्या वर सारल्या आणि उरलेल्या पाचजणींना हातांनी अलगद धरून पाण्यासकट त्यात सोडलं. मग ती कोणाशी न बोलता उन्हातून घरी निघाली. तिला जे हवं होतं ते झालं होतं. नवरा तोंडावर आपटला होता, सगळ्यांसमोर, ओमानसमोर. वाटेत तिला त्याचा कणभरही आनंद होईना. उलट राग होता तो दुप्पट झाला, आणि आता त्याला तिच्याशिवाय दुसरं कोणी सापडेना. नीनीला मी मारलं, ती मोठ्यानं म्हणाली. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मागच्या अंगणात तळ्याच्या कडेला बांबूच्या नळीतून ओढ्याचं पाणी दगडी कुंडीत पडत असे. तिनं पाचजणींना त्या कुंडीत सोडलं, खिळ्यावरून पुरचुंडी काढली, तीत ताजा कोंडा भरला आणि धारेत धरली. चौघींनी पंखे उघडले. पाचवीनं उघडायला संध्याकाळ केली. तोवर रुकोया तिथून उठली नाही.

होलिद आला तो रिकामी पेटी डोक्यावर घेऊन. काखेत प्रशस्तिपत्र होतं. 'सर्वांत स्वच्छ पाणी, दुसरा क्रमांक.' त्यानं ते कुठं ठेवावं हे न कळून तळ्याच्या काठावर ठेवलं आणि तिच्यापासून दोन हातांवर बसला.

कुंडीकडे बघत म्हणाला, "किती टाकायचा कोंडा?"

"इथं नका विचारू."

"मग?"

"घाण हात म्हणालात तेव्हा चौघं होतात. चौघं असताना विचारा."

शुक्रवार आला. मंडळी आली. बैठकीत पेटी नव्हती, छडीही नव्हती. होलिद उभा राहिला, बसला, परत उभा राहिला आणि म्हणाला, "चला, मागे आहेत." आणि त्यानं त्या तिघांना स्वयंपाकघरातून नेलं, जिथं आजवर एकाही पाहुण्या पुरुषाचं पाऊल पडलं नव्हतं. ओमान चुलीपाशी अंग चोरून गेला.

रुकोया कुंडीजवळ बसली होती. होलिद तिच्यासमोर उकिडवा बसला. गुडघे कटकन वाजले.

"अंबू," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "या कोळंब्या तू आणल्यास. तूच जगवल्यास. आता मला सांग, किती टाकायचा?"

"चिमूटभर. रोज. तीनदा चाळून." तिनं पुरचुंडी त्याच्या हातात दिली. "धारेपाशी धरा. जोरात पिळू नका, हलकेच दाबा."

त्यानं बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात घातला. पांढुरकं धुकं निघालं, कोंडा त्याच्या नखांत, हातावरच्या केसांत, घड्याळाच्या पट्ट्यात शिरला. पाचजणींनी पंखे उघडले. त्या ओळीनं बसल्या होत्या, पण धारेच्या अगदी तोंडाशी असलेल्या दगडावर त्यांतली एकही बसली नव्हती.

कोणी हसलं नाही. रुकोया त्या रिकाम्या दगडाकडे बघत होती.

"झाले ना तुमचेही हात घाण?" ती म्हणाली. "सात आठवडे आधी झाले असते तर."