कानाला चिमटे लावून केलेला बाजार

सावेडीतल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना चिमटे लावले तेव्हा मला हसू आलं. आधी दोरीवरच्या कपड्यांची आठवण झाली म्हणून, मग पाळ्यांना मुंग्या आल्या म्हणून, आणि नंतर हसू थांबेना म्हणून. चिमट्यांच्या वायरी साबणाच्या डबीएवढ्या एका पेटीत जात होत्या. पेटी सेलवर चालायची. बाई म्हणाल्या, "करंट अगदी बारीक आहे. डोक्याला शांत करायचा प्रयत्न करतो. गरगरल्यासारखं वाटलं तर सांगा."

"वाटतंय की," मी म्हणाले. "बरं वाटतंय."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा म्हशींच्या खरेदी-विक्रीचा धंदा. आमचा म्हणायचं, पण एका शेळीवरून तो मी उभा केला. दातांवरून वय आणि कासेवरून दूध मी अजूनही लांबून सांगते. फक्त पाळी येण्याआधीचा आठवडा माझा नसायचा. म्हैस माझ्याकडे बघतेय असं वाटून रडू फुटायचं. रडू नसेल तेव्हा संताप. भरलेल्या कळशा मी अंगणात भिरकावल्या आहेत. पाळी आली की सगळं निवळायचं. जणू दुसरीच कुणी बाई माझं लुगडं नेसून आठवडाभर राहून गेली.

अशाच दिवसांत नेवाशाकडच्या बाजारात एका हेड्यानं मला गाठलं. हेडी म्हणजे गुरांचा दलाल. त्यानं आमच्या म्हशीचा सौदा चालू असताना तिचं रेडकू मुद्दाम लांब ओढून नेलं. ते हंबरलं, म्हैस हंबरली, मी रडायला लागले, आणि डोळे पुसत त्यानं सांगितलेल्या किमतीला म्हैस सोडून मोकळी झाले. नंतर कळलं की माझे ते दिवस आहेत हे त्याला आधीच ठाऊक होतं. सांगितलं होतं माझ्या सख्ख्या दिरानं, बाजाराच्या कडेला भजी खाता खाता. एका प्लेटीवर. घरातली गोष्ट विकायचीच होती तर निदान भाव तरी बरा काढायचा.

वर हेच भाऊजी माझ्या मालकांसमोर, म्हणजे नवऱ्यासमोर, म्हणाले, "त्या आठवड्यात वहिनींनी घरीच बसावं. बाजार मी करतो." तेव्हापासून मी कशावरही आवाज चढवला की, मग ती पेंडीच्या पोत्यातली माती का असेना, ते मालकांकडे बघून मान हलवायचे. पुढचा बाजार नेमका माझ्या त्या दिवसांत येत होता. शेवटी ठरलं असं की त्यात मी रडले किंवा भांडले तर बाजार भाऊजींकडे जाणार. मालक म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे होय.

म्हणून मी डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते.

"रोज यावं लागेल," बाई म्हणाल्या. "अर्धा तास."

"गावावरनं रोज? मशीन घरी द्या."

"एकच आहे. भावानं परदेशातून आणलंय."

"तारण ठिवते."

"काय ठेवणार?"

"गाभण म्हस. दवाखान्याच्या दारात बांधते. दूध न्हाई अजून, पण शेण रोज मिळंल."

बाई हसल्या. हसलेल्या गिऱ्हाइकाला मी कधी परत जाऊ दिलेलं नाही. त्यांनी म्हैस घेतली नाही, मशीन दिलं. अट एकच, काय वाटलं ते येऊन खरं सांगायचं. "गुण येईलच असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "याबद्दल अजून कुणालाच नीट माहिती नाही." आपल्या मालाबद्दल असं बोलणारं माणूस मी सबंध आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझा तिथंच विश्वास बसला.

घरी मी गोठ्यासमोर बाजेवर बसून चिमटे लावायची. भाऊजींनी पाहिलं. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की वहिनीला शॉक देतात, अंगात लाईट भरलीय. शेजारीण ताक मागायला आली ती भांडं जमिनीवर ठेवून लांब उभी राहिली.

बाजाराच्या दिवशी टेम्पो मालकांनी चालवला. मी शेजारी, कानाला चिमटे, मांडीवर पेटी. भाऊजी मागे म्हशींबरोबर. बाजार आला तरी माझा अर्धा तास व्हायचा होता, म्हणून पेटी पिशवीत टाकली, पिशवी गळ्यात अडकवली आणि वायरींसकट खाली उतरले. डोकं हलकं झालं होतं, पाय जमिनीच्या जरा वरून चालल्यासारखे. समोरची गर्दी फाटत गेली. आमदारालाही अशी वाट कुणी दिली नसेल.

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा कळवायचा; बाहेरच्याला पत्ता लागत नाही. बाईमाणसाच्या रुमालाखाली कोण हात घालणार? म्हणून मी आयुष्यभर भाव मोठ्यानं सांगत आले, आणि त्यासाठी मला तोंडाळ म्हणत आले तेच लोक.

तोच हेडी आला. आवाजात साखर. "वहिनी, तब्येत कशी हाय?" आणि मागे वळून त्याच्या माणसाला खूण केली. रेडकू ओढलं गेलं. हंबरलं.

रडू आलंच. मशीन म्हणजे काही जादू नव्हती. पण ते घशाशी येऊन थांबलं आणि मधे जराशी जागा राहिली. तेवढ्या जागेतून मला हेड्याचे डोळे दिसले. ते माझ्या तोंडाकडे नव्हते, वायरींकडे होते. मी म्हशीचं दावं त्याच्यापुढे केलं तर तो मागे सरला.

"खाली ठिवा, वहिनी. मग घेतो."

अंगातल्या लाईटीची बातमी त्याच्यापर्यंतही पोचलीय हे मला उमगलं आणि पोटातून गुदगुल्या झाल्यासारखं झालं. मी भाऊजींच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, माझ्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

"घाला हात. आज रीतीनं सौदा करू."

"न्हाई न्हाई, तुमी तोंडानंच सांगा."

"मी का सांगू? गिऱ्हाईक तुमी."

"वहिनी, ते तुमचं मशीन बंद करा आदी."

"डागदरनीनं बंद करू न्हाई म्हनून सांगितलंय."

भोवती कडं जमलं. मागून एक जण म्हणाला, "घाल की रं, लई तर मिशा जळतील." दुसरा म्हणाला, "जळू दे, तशाबी रंगवलेल्याच हायेत."

हेड्यानं हात धोतराला पुसला, पुन्हा पुसला, आणि शेवटी भाव तोंडानं बोलला. हळूच बोलला, पण बोलला. रुमालाखाली असले पडके आकडे तो वर्षानुवर्षं दाबत आला असेल. उघड्यावर कुणी ऐकले नव्हते.

"शेळी घ्यायला आलाय व्हय हा?" कुणीतरी विचारलं, आणि सगळं कडं हसलं. कर्जतकडचा एक शेतकरी पुढे आला. त्यानं चढा भाव सांगितला, तोही सगळ्यांदेखत. त्याच्यावर आणखी एकानं चढवला. अखेर म्हैस कर्जतला गेली, आणि रेडकू तिच्याबरोबर गेलं, ही माझी अट.

मी रडले नाही, भांडले नाही. हसण्याबद्दल भाऊजींनी काही अट घातली नव्हती, म्हणून कडब्याच्या पेंढ्यांवर बसून पोट धरून हसले.

परतताना मालक म्हणाले, "बाजार तूच कर." ते बघू म्हणाले नाहीत.

पाळी येऊन गेल्यावर मशीन परत द्यायला गेले आणि बाईंना ठरल्याप्रमाणे खरं सांगितलं. रडू कमी आलं. झोप बरी लागली. पण ते मशीनमुळं की हेडी घाबरला म्हणून, ते मला सांगता यायचं नाही.

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात हेड्याशिवाय करून बघा."

मशीन पुन्हा आणून करून बघितलं. एक महिना बरा गेला, एक वाईट. पुढे बाईंनी गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी जास्त फरक पडला. पण मशीन परत दिलं त्या दिवशी मला त्यांच्याकडून वेगळंच काही मिळालं.

"आणि राग?" त्यांनी विचारलं.

"बाकी समद्यांवरचा गेला. दिरावरचा हाय."

"कधीपासून?"

"भज्यांपासनं." मग मी त्यांना सगळं सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. "तो आजार नाही," त्या म्हणाल्या. "तो राग तुमचाच आहे."

घरी गेल्यावर हे वाक्य मी भाऊजींना जसंच्या तसं ऐकवलं, डॉक्टरच्या आवाजात. अजूनही बाजाराला जाताना ते टेम्पोत मागे बसतात, म्हशींबरोबर. पोचल्यावर भज्यांची पहिली प्लेट मला आणून देतात. मी भजी खाते. राग आहे तिथंच ठेवते.