न चावणारी धार

बाजाराच्या कोपऱ्यावर धार लावणाऱ्या मामांचं चाक होतं. पायाने पायडल मारायचं, दगड गरगर फिरायचा, ठिणग्या उडायच्या. पण खरी करामत शेवटची. मामा डोळे मिटून पात्यावर अंगठा आडवा, अगदी अलगद फिरवायचे. पातं कातडीला चावलं की धार झाली. घाईचं गिऱ्हाईक असो नाहीतर ओळखीचं, अंगठ्याने हो म्हटल्याशिवाय सुरी परत मिळायची नाही.

मग पाती चावेनाशी झाली. मामा घासत राहिले. हल्लीच्या पोलादात दम नाही म्हणाले, चाकाचा दगडही बदलून आणला. समोरच्या खानावळवाल्या ताईंनी एकदा आपली सुरी उन्हात धरून पाहिली. घासून घासून पातं पार बारीक झालं होतं.

"मामा, मी सुरी दिली होती, तुम्ही दाभण परत करताय."

मामा हसले, पण ताईंची नजर त्यांच्या अंगठ्याकडे गेली. तो कापलेला होता, रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं आणि मामांना पत्ताच नव्हता. मामी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा तिथेच ठेवला आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायची हौस दांडगी. मामांना डोळे मिटायला सांगून त्यांनी टाचणी टोचत नेली. तळवा, घोटा, नडगी. मामा आपले टोचायची वाट बघत बसलेले. गुडघ्याजवळ आल्यावर कुठे "हं" म्हणाले. मामींचा चेहरा उतरला. माझ्या पायाला चटका बसत नाही, अशी बढाई हा माणूस गेली कित्येक वर्षं मारत होता, आणि त्याही कौतुकाने ऐकत होत्या.

बाईंनी सांगितलं ते असं. अंगठ्याला पातं लागलं की खबर नसेतून निघते, हातातून वर चढते आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचते. मज्जारज्जू काही मेंदूच्या परवानगीसाठी थांबत नाही, आधी हात मागे खेचायला लावतो. दुखल्याचं मेंदूला कळतं ते मागाहून. मामांच्या नसा रक्तातल्या साखरेने खराब केल्या होत्या. आधी सगळ्यात लांबच्या, पायाच्या, आता हाताच्या बोटांच्या. खबर निघतच नाही, तर हात मागे घेणार कोण?

"पण बोटं हलतात की माझी," मामा मूठ वळून म्हणाले.

हुकूम खाली नेणाऱ्या नसा वेगळ्या, त्या अजून चालताहेत, असं बाई म्हणाल्या. मामांनी विचारलं, गेलेल्या परत कधी येतील? बाईंनी औषधाची चिठ्ठी लिहून संपवली. मग म्हणाल्या, "आहेत त्या सांभाळायच्या. आणि अंगठा पात्याला लावायचा नाही. जखम चिघळली तर बोट जाईल."

दुसऱ्या दिवशी मामा चाकावर बसले. मामी शेजारी पिंप पालथं घालून बसल्या, राखणीला बसल्यासारख्या. मामांनी कागद कापून बघितला. कागद कापला गेला. पण कागद बोथट सुरीनेही फाटतो, एवढंही ज्याला कळत नाही त्याने चाकावर बसू नये, असं मामा स्वतःशीच पुटपुटले.

दुपारी ताई नवी सुरी घेऊन आल्या. मामांनी पायडल मारलं, ठिणग्या उडाल्या, चाक थांबलं. अंगठा सवयीने पुढे सरकला.

"अहो," मामी म्हणाल्या.

मामांनी सुरी उलटी करून मूठ ताईंपुढे धरली. "तूच बघ गं."

ताईंनी अंगठा टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

"झाली का?" मामांनी विचारलं.

"झाली."

"झाली म्हणजे कशी? कांद्याला पुरेल की टोमॅटोला?"

ताई गोंधळल्या. मामींकडे बघून म्हणाल्या, "चांगली आहे हो, मामा. छान झालीय."

मामांनी पायडलवर पाय ठेवला. आणखी एक फेरा द्यावा की सुरी जाऊ द्यावी, त्यांना ठरवता येईना.