चार घड्यांचा कागद

साळवे सर गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. वरचा मेसेज चाचणीचे गुण भरण्याबद्दल होता, खालचा सरांबद्दल. त्याखाली हात जोडलेली चित्रं येत राहिली. मी नगरला आईकडे आले होते आणि गुणच भरत होते. ते भरून झाल्यावर मी लॅपटॉप बंद केला. सर दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले होते, त्यांना हृदयाचा त्रास होता, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. आईनं विचारलं, "जवळचे होते का गं?" "शाळेतले होते," एवढंच मी म्हटलं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

मिरजगावच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमच्या शाळेचं गाव लागतं. मी तिथे इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. मराठी घरी बोलायची आणि परीक्षेपुरती वाचायची. स्टाफरूममध्ये मी फारशी बोलत नसे आणि त्याला बाकीचे शिष्टपणा समजत. सर तसं समजत होते की नाही, माहीत नाही. दुसऱ्याच आठवड्यात भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, बुधवारी शेवटचे दोन तास तुम्ही मोकळ्या. येऊन बसा की माझ्या वर्गात मागं. पंखा चालू आहे तिथला." पंख्यासाठी मी गेले, असं समजायला हरकत नाही.

बुधवारी ते नववीला कविता शिकवत. शिकवत म्हणजे... पुस्तकं मिटायला लावून कविता तीनदा वाचत, कवीचं नाव सांगत नसत, आणि मग एवढंच विचारत, "कोण कुठं थांबलं?" कवीला काय म्हणायचंय, हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ज्या शब्दापाशी आपण अडलो, तो शब्द सांगायचा आणि का अडलो ते सांगायचं. मी बसले त्या पहिल्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "सर, मी तळ्यापाशी थांबले."

"का गं?"

"तळं बघितलंच न्हाई मी. टँकर बघितलाय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मग टँकरवर लिही. त्यात पण पाणीच असतं."

"अर्धं तर गळतंय सर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गळतंय ते पण लिही."

शेवटची पंधरा मिनिटं लिहिण्याची असत. चार ओळी लिहा, चाळीस लिहा. कागद उघडा दिला तर सर तो वर्गात मोठ्यानं वाचणार. चार घड्या घालून दिला तर कुणीही वाचणार नाही, सरसुद्धा नाही. ते वर तारीख टाकून पुढच्या बुधवारी तसाच परत करणार. मला वाटायचं, मुलांना सांगण्यापुरतं असेल हे. मग एकदा त्यांनी मलाही कागद दिला. मी इंग्रजीत काहीतरी लिहिलं, घाबरून चार घड्या घातल्या. पुढच्या बुधवारी तो कागद परत आला. वर निळ्या शाईत तारीख होती, आणि कडेला मी गुपचूप लावलेला डिंक तसाच सुकलेला होता, कुठे सुटलेला नव्हता. म्हणजे नियम मला माहीत होता. हे इथे लिहून ठेवणं गरजेचं आहे.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत सर आठ दिवस मुलीकडे जामखेडला गेले, तिचं बाळंतपण होतं. बुधवारचा तास त्यांनी माझ्यावर सोपवला. मी त्यांच्यासारखंच सगळं केलं, कागद गोळा केले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला गाव येतं, त्यासाठी गेटपाशी भित्तिपत्रक लावायचं होतं आणि उघडे कागद मला साधारण वाटले. गठ्ठ्यात अश्विनीचा कागद होता, चार घड्यांचा. ती वर्गात क्वचितच बोलायची, मला ती माझ्यासारखी वाटायची. मी तो उघडला. कविता चांगली होती, फारच चांगली. तिच्यात घरातली एक गोष्ट होती, तिच्या वडिलांनी गावापासून लपवलेली, पण माझं लक्ष चांगलेपणाकडे होतं. मी ती सुंदर अक्षरात उतरवलीसुद्धा नाही, तिचाच कागद मधोमध लावला. तिला आनंद होईल असं वाटलं.

झेंडावंदन झालं आणि माणसं भित्तिपत्रकापाशी जमली. कुणीतरी ती कविता मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, ही कुणाच्या घरची गोष्ट ते अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर दोघंतिघं हसले होते. अश्विनीचे वडील तिथेच उभे होते. ते शाळेच्या समितीवर होते, गावात त्यांना मान होता. त्याच वेळी सर एसटीतून उतरून पिशवी घेऊन गेटमध्ये आले. वडील ओरडले नाहीत.

"सर, पोरीनं लिव्हलं ते लिव्हलं. तुमी भिताडाला का लावलं?"

सरांनी बोर्डाकडे पाहिलं, घड्या मोडलेला कागद पाहिला, मग माझ्याकडे. मी टाचण्यांची डबी धरून चार पावलांवर उभी होते.

"चूक झाली."

"कुनाची?"

"माझी."

"शिकल्यावर तुमच्या लोकांना लई कळायला लागतं, न्हाई का?"

तुमचे लोक म्हणजे कोण, ते तिथे सगळ्यांना कळलं. सरांनी टाचण्या काढल्या, कागद कोरी बाजू वर करून हातात घेतला, पुन्हा चार घड्या घातल्या आणि अश्विनीला दिला. तिनं तो घेतला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

स्टाफरूममध्ये मी म्हटलं, "सर, मी सांगते तिला." ते पाणी पीत होते. "सांगा की. मी कुठं अडवलंय?" थोड्या वेळानं म्हणाले, "तास तुमच्या हातात देताना मी नियम नीट सांगायला पाहिजे होता." तो मला माहीत होता, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. नंतरही नाही. अश्विनी बुधवारी ग्रंथालयाच्या पायरीवर बसायला लागली. सरांनी तिला एकदाही बोलावलं नाही. वर्षभरानं ती दहावी होऊन गेली. सर माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले, चहा आला की माझा कप झाकून ठेवत. ते मला रागावण्यापेक्षा अवघड गेलं.

मागच्या आठवड्यात मी अश्विनीला भेटले. ती नगरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. स्टँडजवळच्या कँटीनमध्ये मी तिला सगळं सांगितलं, क्रमानं. तिनं मधे अडवलं नाही.

"चार वर्षं लागली मॅडम तुम्हाला?"

"हो."

"सरांच्या जलदान विधीला मी मुद्दाम आले नाही. आईनं फोन केला होता..." तिनं चहाचा ग्लास फिरवला. "मग सरांनी वाचली कधी?"

"नाही वाचली. काढताना उलटी धरली होती."

मग मी या लेखाबद्दल सांगितलं आणि ती कविता यात देऊ का, असं विचारलं. "नाही," ती लगेच म्हणाली. "आणि माझं नाव पण बदला." ते मी बदललं आहे. तिची बस लागली तशी ती पिशवी घेऊन उठली, दोन पावलं गेली आणि परत वळली. "सरांना दाखवणार होते मी ती. दहावीचा निकाल लागला की."

त्या सकाळी गेटपाशी निम्म्या गावानं ती कविता वाचली किंवा ऐकली. मी तर दोनदा वाचली. सरांनी वाचली नाही.