आबांची इंग्रजीची डायरी

खंडाळ्याच्या आमच्या हॉटेलातले सगळ्यात जुने वेटर रोज इंदुरीहून येतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. शर्टाच्या खिशात लहानशी डायरी, तिच्यात सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या. पाहुण्यांकडून उचललेलं फ्रेंच 'बॉन अपेती', म्हणजे 'मजेत जेवा', हेसुद्धा आहे. कुणी चुकलं की बोट थुंकीनं ओलं करून पान काढतात आणि चारचौघांत म्हणतात, "असं न्हाई, हे बगा." मॅनेजरलाही सोडत नाहीत. मला त्यांचा भारी राग यायचा.

गेल्या रविवारी रिसेप्शनच्या काउंटरवर मी पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं, "ब्रेकफास्ट कम्पल्सरी आहे." म्हणायचं होतं कॉम्प्लिमेंटरी, म्हणजे फुकट. सगळे खो खो हसले. माझे कान तापले. शेजारी उभ्या आबांचा हात खिशाकडे गेला, पण डायरी काही बाहेर आली नाही.

"व्हय साहेब," ते म्हणाले, "हितं कम्पल्सरीच हाय. खाल्ल्याबगर आमी कुणाला सोडत न्हाई."

पाहुणे हसतच नाश्त्याला गेले. आता पान निघणार म्हणून मी मान खाली घालून बसले. आबा आत जाऊन आले आणि माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली.

"तुमी बी खावा, ताई. नियम हाय."