आप्पांचं कोरडं मशीन

पुरवणीत लिहिण्याची माझी पात्रता नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात वर्तमानपत्राचा कागद यायचा तो वाण्याकडून, साखर-चहाच्या पुड्यांचा. त्यावर आपण लिहिलेलं काही छापून येईल, असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचं ते माझ्या नात्यातले नव्हेत. त्यांचा मुलगा आहे, सून आहे, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकी आहेत. त्यांना वाटेल, हा कोण आमच्या माणसाबद्दल लिहिणारा… त्यांची मी मनापासून माफी मागतो. पण आप्पांना जाऊन आता काही आठवडे झाले, आणि गावात त्यांच्याविषयी जे बोललं जातं ते एवढंच, की म्हाताऱ्याने उतारवयात भंगार गोळा केलं आणि त्यातून काही झालं नाही. ते तसं नव्हतं. मशीन तयार झालं होतं. हे सांगायला दुसरं कुणी पुढे येईना, म्हणून लिहितो.

आप्पा मिलिटरीत वर्कशॉपला होते. पेन्शनीवर घरी आले तेव्हा त्यांच्या वाटणीच्या रानाचं मीठ होत आलं होतं. आमच्या सांगलीकडच्या भागात कृष्णेचं पाणी रानात आलं, ऊस आला, आणि वर्षानुवर्षं पाणी पाजून खोलगट रानं फुगली, जमिनीतलं मीठ वर आलं. उन्हाळ्यात त्यांच्यावर पांढरा थर येतो. लांबून पाहिलं तर कुणी धुणं वाळत घातलंय असं वाटावं. अशा रानाला एकच उपाय, खोल चर खणून आतलं खारं पाणी ओढ्याला काढून द्यायचं. पण आप्पांचं रान आणि ओढा यांच्या मध्ये त्यांच्या धाकट्या भावाचं, नानांचं रान होतं, जरा उंचावरचं, काळंभोर. चर न्यायचा तर त्यातूनच न्यायला हवा होता. माणसं लावून खणलं की ओली माती दोन्हीकडून ढासळायची, आणि एवढ्याशा कामाला भाड्याचं मशीन कुणी पाठवत नव्हतं. तेव्हा आप्पांनी ठरवलं, आपल्या जुन्या ट्रॅक्टरला मागून खोदायचा हात आपणच बसवायचा.

मी तेव्हा सांगलीला डिप्लोमाला होतो. आमचं घर बौद्धवाड्यातलं. दहावीच्या पुढे गेलेला घरातला मी पहिलाच. माझे वडील गवंडी. आप्पांच्या गोठ्याचं काम करताना ते बोलून गेले की पोरगा मशीनचं शिकतोय. पुढच्या सुट्टीला आप्पा आमच्या दारात उभे. “कुठं हाय इंजिनेर?” मी म्हणालो, “आवं आप्पा, आजून पैल्या वर्षाला हाय मी.” “मग बरंच हाय की. पक्का झालास म्हंजी माझं ऐकायचा न्हाईस.”

खोदायचा हात त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवला. सिलिंडर साताऱ्याहून आले, पंप कोयनानगरकडच्या एका भंगारवाल्याकडून, होजपाइप कराडचे. प्रत्येक वस्तू वेगळ्या मशीनची, बहुधा वेगळ्या देशाची. त्यामुळे खरी मारामारी झाली ती जोडांवर. एका तोंडाचे आटे इंचाच्या मापाचे, दुसऱ्याचे मिलिमीटरच्या. वरून बघून फरक कळायचा नाही. फिटिंग हाताने दोन वेढे फिरायचं आणि अडायचं. मग आप्पा पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून जोर लावायचे. “फिरतंय की रं!” “फिरतंय आप्पा, पर बसत न्हाई.” “गप. मिलिटरीत असलं लय बसिवलंय.” आणि जोडातून तेल गळू नये म्हणून आम्ही तेच केलं जे आमच्याकडे सगळेच करतात. नदीवरून रानात पाइपलाइन आणणारा प्रत्येक शेतकरी जोडावर सुतळी गुंडाळतो आणि वरून सफेदा फासतो. पाण्याला ते चालतं, म्हणून आम्ही तेलालाही चालवलं.

पहिल्या उन्हाळ्यात नानांनी खुशीने वाट दिली. मशीन त्यांच्या रानात उतरलं, हात लांब झाला, मातीचा पहिला घास वर आला. आप्पांनी माझ्याकडे वळून ओरडून काहीतरी सांगितलं. इंजिनच्या आवाजात शब्द कळले नाहीत, पण ते हसत होते… आणि पंपाजवळचा जोड सुटला. गरम तेलाची चिळकांडी उडाली ती थेट नानांच्या खोडव्यावर, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून नुकत्या फुटलेल्या पिकावर. कोवळे कोंब बघता बघता काळे पडले. नाना बांधावरून खाली आले. आवाज चढवला नाही, त्यानेच मला जास्त भीती वाटली. “दादा, तुझं रान मिटानं गेलं. आता माझं त्येलानं घालवतोस व्हय?” जाता जाता नाना म्हणाले, “थेंब पडायचा थांबल, तवा ये.” त्या संध्याकाळी आप्पांनी तेल मुरलेली माती हातांनी खरवडून पाटीत भरली आणि आपल्या पांढऱ्या रानात नेऊन टाकली. नानांच्या बांधापलीकडे ते पुन्हा गेले नाहीत.

त्यानंतर आमच्या सांगलीच्या पेठेतल्या फेऱ्या सुरू झाल्या. एका दुकानदाराने आप्पांच्या हातातलं फिटिंग न बघताच विचारलं, “पाण्याला पायजे का तेलाला?” आप्पा म्हणाले, “फिटिंगला काय कळतंय आत काय हाय ते?” “फिटिंगला न्हाई कळत आजोबा. प्रेशरला कळतंय.” आजोबा म्हटल्याचा आप्पांना इतका राग आला, की त्या दिवशी आम्ही काही न घेताच परतलो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच दुकानात गेलो. मग हळूहळू उलगडत गेलं. मशीनचा तेल सोडणारा व्हॉल्व्ह उघडला तर आत सुतळीचे तंतू अडकलेले. सरळ आट्यांच्या जोडात आटे नुसते धरून ठेवतात. तेल अडतं ते तोंडाशी, रबराची कडी असलेल्या वॉशरवर. तिथे बारीकसा ओरखडा असला तरी तेल वाट काढतं. आम्ही सगळी फिटिंग एकाच मापाच्या आट्यांची करायची ठरवली. जिथे मिळाली नाहीत तिथे लेथवर जोडतुकडे करून घेतले. आप्पा प्रत्येक तोंडावरून नख फिरवून बघत. त्यांना सगळ्यात जड गेलं ते कमी आवळणं. जास्त आवळलं की रबर पिळून बाहेर यायचं, वॉशर वाया जायचा. वॉशर असा गेला की ते आपल्याच हाताकडे रागाने बघायचे. “हात ऐकत न्हाई रं माझा…”

मग त्यांनी आपलं जुनं धोतर फाडलं आणि प्रत्येक जोडाला पांढरी पट्टी बांधली. रोज अंगणात मशीन चालवायचं, हात वर-खाली करायचा, रात्रभर उभं ठेवायचं आणि सकाळी पट्ट्या सोडून बघायच्या. बाजाराला जाणारी माणसं थांबायची. “आप्पा, कुठं पडली म्हणायची ही? समदीकडं पलस्तर घातलंय!” “पडली न्हाई, बाळंत हाय. लांबनं जावा.” सुरुवातीला पट्ट्या तेलाने पिवळ्या निघत. मग एक-दोनच. मग एके दिवशी सगळ्या कोरड्या निघाल्या. आप्पांनी एकेक पट्टी नाकाला लावून हुंगली आणि काकींना हाक मारली. काकी म्हणाल्या, “मग आता हुंगत काय बसलाय? जावा की भावाकडं.”

ते गेले नाहीत. थंडीत म्हणाले, रबर आखडतंय, उन्हाळा बघू. उन्हाळ्यात म्हणाले, तेल पातळ होतंय, पावसाळा जाऊ दे. पट्ट्या कोरड्या निघत राहिल्या आणि तिकडे रानातला पांढरा थर बांधाला भिडला. काकी चिडायच्या, “भाऊ हाय का तहशिलदार?” एकदा मीच धीर करून म्हणालो, “आप्पा, मी इचारून येऊ का नानांना?” त्यांनी मान हलवली. “त्येनं मला ये म्हणलंय. तुला न्हाई.” पान्यावरचं तेल पुसलं. मग म्हणाले, “आन् सिद्धा, गेलो आन् न्हाई म्हणाला तर?… आता निदान व्हय म्हणंल असं वाटतंय तरी.”

गेल्या उन्हाळ्यात माझा डिप्लोमा झाला आणि मी पुण्याला एका कारखान्यात उमेदवारीला लागलो. निघताना आप्पा मशीनवर वाकलेले होते. “ये जाऊन,” एवढंच म्हणाले, वर न बघता. त्यानंतर गावाकडचं काही कळलं नाही. थंडीत एका सुट्टीला वडील न कळवता माझ्या खोलीवर आले. पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “आप्पा गेलं रं.” झोपेतच गेले होते. तेरावंही होऊन गेलं होतं. मी मशीनचं विचारलं. “हाय तसंच. फडकी बांधल्याली.” “आन् नाना? नाना आलं हुतं?”

वडिलांनी टोपी उचलून बाजूला ठेवली. मग सांगू लागले. तेरावं झाल्यावर नानांनी त्यांना बोलावून घेतलं आणि ओढ्याकडे नेलं, आप्पांच्या राहून गेलेल्या चराच्या तोंडाला दगडी बांधकाम करायची जागा दाखवायला. वाट नानांच्या उसातून होती. यंदाची नवी लागण, ऊस डोक्याच्या वर गेलेला. आप्पांच्या बाजूच्या बांधावर हत्तीघास वाढलेला, त्यामुळे बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं. आत शिरल्यावर वडील थबकले. आप्पांच्या बांधापासून थेट ओढ्यापर्यंत चार सऱ्या मोकळ्या होत्या, ट्रॅक्टर सहज जाईल एवढ्या. त्यांत उसाची कांडी लावलेलीच नव्हती. नाना पुढे चालत राहिले, मागे वळले नाहीत. वडिलांनी नानांच्या गड्याला हळूच विचारलं, “ह्या का रं मोकळ्या?”

गडी म्हणाला, “लागणीच्या टायमालाच सोडायला लावल्या मालकानं. म्हणलं, ऱ्हाऊ द्यात… दादाचं मशीन यायचं हाय.”