मीनाआत्या मोजणीत नव्हती

मी मालिकेचे संवाद लिहितो असं सांगितलं की लोक आधी कौतुकाने बघतात आणि मग मालिकेचं नाव विचारतात. तिथे कौतुक संपतं. ‘सातव्या मजल्यावरची सून’ हे नाव मी ठेवलेलं नाही, एवढंच माझ्या बचावासाठी सांगतो. बाकी त्या सुनेच्या तोंडी जे काही येतं ते सगळं मीच जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली बनियनवर बसून लिहितो. शूटिंग मुंबईकडे चालतं. सेटवर मी एकदाच गेलो होतो. तेव्हा वॉचमनने मला जेवणाचे डबे आणणारा माणूस समजून मागच्या दाराने आत घेतलं. जेवण मात्र चांगलं होतं.

मालिका चालू ठेवायची की बंद करायची हे प्रेक्षक ठरवतात, असं मलाही या धंद्यात येईपर्यंत वाटायचं. ठरवतात ती निवडक घरं. त्यांच्या टीव्हीला मोजणीचं मीटर लावलेलं असतं आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबून बाहेर पडायचं. असं एक घर हजारो घरांच्या वतीने टीव्ही बघतं. ही घरं कुठली, ते गुपित असतं. त्यांचे आकडे दर गुरुवारी चॅनेलकडे येतात, आकड्यांवरून जाहिरातींचे दर ठरतात आणि त्या दरांवर आमचं पोट.

आकडा घसरायला लागला की चॅनेल आधी नायिकेवर संकट आणायला सांगतं. मग लग्न लावायला सांगतं. आमच्या नायिकेची, म्हणजे शर्वरीची, स्मृती दोनदा गेली होती आणि तिचं एकाच नवऱ्याशी तीनदा लग्न झालं होतं. तिसऱ्या लग्नातले मंत्र चालू असतानाच लोकांनी चॅनेल बदललं. मग चॅनेलच्या चंद्रिका मॅडमचा फोन आला. या मॅडम आमच्या मालिकेच्या मालकीणच म्हणा. त्या गोड आवाजात म्हणाल्या, “रत्नदीप, शो छानच आहे. आमच्या घरी सगळे बघतात. पण अजून तीन गुरुवार बघू. नाहीतर त्या वेळेला लावायला नवा शो तयार आहे.”

मालिका बंद झाली तर माझ्या हातात दुसरं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं काही येतही नव्हतं. मनालीने, माझ्या बायकोने, विचारलं, “बंद झाली तर काय करशील?” मी म्हणालो, “कादंबरी लिहीन.” ती इतकी घाबरली की तिने त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमच्या घरचा टीव्ही मोठ्या आवाजात लावायला सुरुवात केली. आमच्या टीव्हीला मीटर नाही, हे मी तिला तीनदा समजावलं. ती म्हणाली, “असू दे, आपल्याकडून कमी पडायला नको.”

त्याच आठवड्यात मनालीने मला कडक भाकरी आणायला मीनाआत्याकडे पाठवलं. मीनाबाई ही माझ्या वडिलांची सख्खी बहीण. बुधवार पेठेत तिच्या दोन खोल्या आहेत. गिरणी बंद पडली आणि आत्याचे यजमान, ईश्वरमामा, घरी बसले, तेव्हा तिने तवा ठेवला, तो आजवर उतरलेला नाही. मामा गेले, तिचा मुलगा सुमित पुण्याला नोकरीला लागला, आत्याची भाकरी चालूच आहे. ज्वारीची, कागदासारखी पातळ, शेगडीच्या कडेला उभी करून कडक केलेली. ती दुकानांत जाते, एसटीने गावोगाव जाते, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे कुणाच्या तरी पिशवीतून अमेरिकेलाही गेली आहे. काठ फाटलेली भाकरी ती कुणाला विकत नाही. स्वतः खाते, किंवा मला देते. लहानपणापासून मी फाटक्या काठांवरच वाढलो आहे आणि ते माझ्या लिखाणात दिसतं, असं मनालीचं मत आहे.

“जय भीम, आत्या,” म्हणत मी आत शिरलो आणि दारातच थांबलो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याखाली टीव्ही, आणि टीव्हीशेजारी एक छोटा डबा. डब्यावर बारका दिवा, बाजूला बटणांचा रिमोट. आयुष्यात पहिल्यांदा मी मीटर बघत होतो. देवळात न जाणारा माणूस मी, पण त्या क्षणी माझे हात आपोआप जुळले.

“ते व्हय?” आत्या आतल्या खोलीतून म्हणाली. “ती मोजायची पोरं आलती. कुणाला सांगू नका म्हणाली. तू घरचाच हायस, म्हणून बोलले. घरातलं कोण टीव्हीच्या कामात हाय का म्हणून इचारलं. न्हाय म्हणलं. भाचा हाय, पण त्यो नुसतं टायपिंग करतो.”

टीव्हीत काम करणाऱ्यांच्या घरी मीटर लावत नाहीत. पण माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन कुणी केलं नव्हतं, त्यामुळे मी वाद घातला नाही. आपण या मीटरला बोटही लावायचं नाही, हेही मी मनाशी ठरवलं. माझी तत्त्वं पक्की आहेत. ती साधारण पाऊण तास टिकली.

कारण मालिकेची वेळ झाली. टीव्हीवर शर्वरी रडत प्रकटली. आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल एवढा मोठा, पण समोर खोलीत माणूस नाही! आत्या आत भाकरी थापत होती. मीटरच्या दृष्टीने माझी मालिका रिकाम्या खोलीत चालू होती. हजारो घरांच्या वतीने.

“आत्या, बाहेर ये की. मालिका लागली.”

“हात पिठात हायती. उद्याची ऑर्डर हाय.”

“मग बटण तरी दाब तुझं. नाहीतर मी दाबतो.”

“काय म्हणून? मी बगत न्हाय, ऐकतेय. बगत असलं तरच दाबायचं, त्या पोरानं सांगितलंय. मी खोटं दाबायची न्हाय.”

मी तिला चॅनेलचं अर्थशास्त्र समजावून सांगितलं. जाहिरातदार, दर, गुरुवार, माझं भवितव्य, सगळं. ती थापता थापता ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तू बगतूयास न्हवं? मग तू दाब. पाव्हण्याचं बी बटण हाय की.”

होतं. ‘पाहुणा’ दाबलं की ते वय विचारत होतं, स्त्री की पुरुष विचारत होतं. आमच्या मालिकेला पुरुष प्रेक्षक मिळून काही फायदा नव्हता, चॅनेलला बायका हव्या होत्या. मी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि चाळीस वर्षांची बाई झालो. अशा रीतीने बुधवार पेठेतली एक पोक्त पाहुणी माझी मालिका बघू लागली.

बघू लागली म्हणजे काय, सुरुवात तर केली. शर्वरी सासूला सांगत होती की तिला सगळं आठवलंय. सासू तिच्याकडे बघत होती. कॅमेरा आधी सासूवर, मग शर्वरीवर, मग मोलकरणीवर, मग पुन्हा सासूवर. हे सगळं मीच लिहिलं होतं, तरी मला पुढचं आठवेना आणि आठवावं असंही वाटेना. जाहिरात लागली तेव्हा मी मोबाइल काढला. जाहिरात संपली तरी तो हातातच राहिला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा एक व्हिडिओ होता. चांगला होता.

आत मात्र थापण्याच्या आवाजाला एक लय होती. थप थप थप चालायचं आणि मधेच थांबायचं. एकदा थांबलं तेव्हा मी कान दिला. शर्वरी म्हणत होती, “माझ्या वाटणीचं बोलणं मला कुणी ठेवलंच नाही.” वाक्य संपलं आणि थापणं पुन्हा सुरू झालं. हे वाक्य मी कधी लिहिलं तेही मला आठवत नव्हतं. मग सासूचं लांबलचक भाषण आलं, ज्यावर मी दोन दिवस मेहनत घेतली होती. त्या पूर्ण भाषणात आत्याने तीन भाकऱ्या उरकल्या.

“आता खोटं बोलतीया ती,” आत्या आतून म्हणाली.

“कोण?” मी मोबाइलवरून मान वर न करता विचारलं.

आत्या पिठाचे हात पुढे धरून दारात आली. टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. मग कोपराने रिमोट ओढला, करंगळीने बटण दाबलं आणि मला बंद केलं.

“अगं आत्या!”

“तू बगत न्हाईस,” ती म्हणाली आणि आत गेली.

आजवर मला अनेकांनी मालिकेतून काढून टाकायच्या धमक्या दिल्या होत्या. प्रत्यक्षात ते आत्यानेच केलं. भाकऱ्यांचं पुडकं घेऊन मी स्कूटरवर घरी आलो. मनालीने विचारलं, “काय झालं तोंडाला?” मी म्हणालो, “कमी पडलो.”

पुढचे गुरुवार व्हायचे तसेच झाले. चंद्रिका मॅडमचा आवाज आणखी गोड झाला, तेव्हाच मी ओळखलं. नव्या मालिकेला आमचाच सेट हवा होता, फक्त सातव्या मजल्याचा बंगला करणार होते. आमच्याकडे आठवडाभराचे भाग उरले. तेवढ्यात खलनायिकेला पश्चात्ताप झाला, हरवलेला मुलगा सापडला, सासूने किल्ल्या दिल्या आणि सगळ्यांनी एकत्र उभं राहून फोटो काढला. शर्वरीने सगळ्यांना माफ केलं. एवढी माणसं एका भागात माफ करायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं वाक्यही येत नाही. मी ते लिहिलं, पाठवलं आणि झोपलो.

मालिका संपल्यावर आठवड्याने मी आत्याकडे गेलो. मनालीने भाकरी सांगितली नव्हती, माझा मीच गेलो. खरं तर मला सांत्वन हवं होतं. कुणीतरी म्हणावं की लई वाईट झालं बघ, एवढी चांगली मालिका. वेळ तीच होती. आत्या भाकरी थापत होती. टीव्ही बंद होता.

“नवीन मालिका लागते ना या वेळेला?” मी विचारलं.

“लागती. दोन दिस ऐकली. बंद केली.”

“का? लोकांना आवडतेय म्हणे.”

“आवडंल की. माझं काय त्यात?” ती थापत राहिली. मग म्हणाली, “ती शर्वरी अशी माफ करायची न्हवती, रत्ना. तू गडबडीत लिवलंस.”

“तुला कसं माहीत, मी लिहिलं ते? तू तर सांगितलंस मी टायपिंग करतो.”

आत्याचे हात थांबले.

“मला वळखू येत न्हाय व्हय तुझं बोलणं? ती सासूवर चिडली की तुझ्या आईवानी चिडायची. हसायची बी तशीच. मामा गेल्यापासनं या टायमाला घर लई गप असतंय. सुमित पुण्याला. तू हितं गावात असून येत न्हवतास. पण तुझं बोलणं रोज यायचं घरात. मी म्हणायची, असू दे, पोरगं कामात हाय, पर सांजचं येऊन बोलून जातंय.”

इतके दिवस मी मीटरला नमस्कार करत होतो, आकड्यासाठी बाई झालो होतो, आणि एक माणूस माझं प्रत्येक वाक्य, फालतूसुद्धा, आपल्याशीच बोललेलं समजून ऐकत बसला होता. मला तिला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. शेकडो पानं संवाद लिहिलेला माणूस मी. रडण्याचे, माफीचे, निरोपाचे, सगळ्या प्रकारचे संवाद माझ्याकडे तयार असतात. त्या खोलीत एकही उपयोगाचा नव्हता.

“ज्वारी कुठून आणतेस हल्ली?” मी विचारलं.

आत्या तोंडाला पदर लावून हसली. पदराला पीठ लागलं.

“बार्शीची हाय,” ती म्हणाली. “बस हितं पाटावर. आन् आता दुसरं कायतरी इचार.”