रिकाम्या चमच्याचा घास

सौदीतल्या दम्मामच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच होतो. मी रत्नागिरीकडचा, कंपनीत पाइपांची ड्रॉइंग करणारा. आणि माझा रूम पार्टनर फिलिपिनो, शीतगृहातली मशीन दुरुस्त करणारा. लॉकडाऊन लागलं तसं माझं ऑफिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं, कारण नेट तिथंच नीट चालायचं. त्याला मात्र सुट्टी नव्हती. शहराला कोंबडी-मासळी लागतेच. परवाना खिशात घालून तो सकाळी निघायचा आणि अंधार पडताना परतायचा. त्याच्या गावचं घड्याळ पाच तास पुढं, तोवर तिथं सगळे झोपलेले असायचे.

गावी त्याची बायको होती आणि एक मुलगी. मुलगी पाळण्यात असताना तो इकडे आला होता. आता ती दुडुदुडु चालत होती. सुट्टी मंजूर झाली, तिकीट हातात आलं आणि विमानं बंद झाली. गड्याला एकच धास्ती होती. "मी दारात उभा राहीन आणि ती मला बघून रडेल," तो म्हणायचा.

त्यावर त्यानं काढलेला उपाय त्यांच्याकडचा नेहमीचाच. त्यांच्यात व्हिडिओ कॉल लावतात तो बोलायलाच असं नाही. फोन कुठंतरी टेकवून ठेवायचा आणि दोन्हीकडे आपापली कामं चालू द्यायची; कुणी भांडी घासतंय, कुणी घोरतंय. आमच्याकडे फोन म्हणजे तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, की ठेवला. तर हा पठ्ठ्या कामावर जाताना जुना टॅबलेट राइस कुकरला टेकवून, कॉल चालू ठेवून जायचा. पोरीला बाबाचं घर दिसू दे, बाबाचे वाळत घातलेले शर्ट दिसू देत, एवढाच हेतू. शर्ट दिसायचे की नाही कोण जाणे. मी मात्र दिसायचो.

घरात लुंगीवर वावरणाऱ्या माणसाला हा जाचच होता. पण पोरगी गोड. माझी दाढी बघून खिदळायची. जेवायला महा त्रास द्यायची, आणि मी घास घेतला की तीही घ्यायची. भाभीला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे कळल्यावर माझी सुटका नव्हती. तिकडे भाताचा वाडगा आला की इकडे माझी ड्यूटी सुरू.

मग रमजान आला. मला रोजा, आणि तिकडे पोरगी तोंड मिटून बसलेली. शेवटी मी रिकामा चमचा उचलला, तोंडात घातला आणि मिटक्या मारत चघळला. तिनं घास घेतला. महिनाभर मी असा हवा खात होतो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "आपल्या पोरांना कधी भरवलंव नाय, आणि आता रोज्यात नाटकं करताव." बोलणं झोंबलं, कारण खरं होतं.

एका शुक्रवारी पार्टनरला दुपारीच सोडलं. तो हातपाय धुऊन, केस विंचरून टॅबलेटसमोर बसला. पोरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे, शेगडीपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे. बोट दाखवून म्हणाली, "ताताय." त्यांच्या भाषेत बाबा.

तो हसला. भाभी हसली नाही. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी लॅपटॉप घेऊन खोलीत बसलो. नेट अडकेना का, पण समोर जायचं नाही. दोन-तीन दिवस पोरगी धड जेवली नाही. मग तोच माझ्या दाराशी आला. "सदीक, बाहेर बस," म्हणाला. इकडे दोस्ताला सदीकच म्हणतात. "ती उपाशी राहण्यापेक्षा मला विसरलेली चालेल." असं म्हणताना माणसाला किती लागत असेल, मला विचारू नका. मी बाहेर बसलो, पण फ्रिजवर त्याचा मोठा फोटो चिकटवून. प्रत्येक घासाआधी फोटोवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, ताताय. ती म्हणायचीही. पण बघायची माझ्याकडेच.

विमानं सुरू झाली तसा तो गेला. तिकडे पोहोचून, क्वारंटाइन संपवून घरी गेला त्या दिवशी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे रडण्याचा आवाज. भाभीच्या झग्यात तोंड खुपसून पोरगी बसली होती, आणि तो हातभर अंतरावर जमिनीवर, बॅगही न उघडता. "तू सांग तिला," तो म्हणाला. "तुझं ऐकते."

मी हाक मारली. माझा आवाज ऐकून तिनं मान वर केली. मी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "ताताय." तिनं मला पाहिलं, त्याला पाहिलं. मी पुन्हा म्हणालो. मग आणखी एकदा.

ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि एक बोट हळूच त्याच्या गालाला लावलं. आजवर बोट लावलं की फोनची काच लागायची. हा गाल मऊ होता, ओला होता. तिनं जरा विचार केला आणि मग अख्खा तळवा ठेवला.